मोटारीची आडभिंत व तिचीं भोंकें

आमच्या शाळेच्या सुतारशाळेमागील पडवींत एक जुनी मॉरिस मायनर मोटार कित्येक वर्षें ताडपत्रीखालीं पडून होती, हें बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ती दुरुस्त करून पुन्हां रस्त्यावर आणावी असा बेत दोन वर्षांपूर्वीं ठरला. आणि तेव्हांपासून दर शनिवारीं दुपारीं नववी-दहावीचे दहाबारा विद्यार्थी, गॅरेज चालविणारे आमचे एक माजी विद्यार्थी आणि आम्ही, असें तें काम चालत आलें. इंजिन सुरू झालें, ब्रेक लागूं लागले, रंगही बसला. ह्या सर्व कामाची साद्यंत हकीकत लिहावयाची तर हा अंक पुरावयाचा नाहीं, आणि ती वाचण्याचा धीर संपादकमंडळासही होणार नाहीं. म्हणून त्यांतील एकाच लहानशा भागाविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे. तो भाग म्हणजे इंजिन आणि गाडींत बसणारीं माणसें यांच्यामध्यें असलेला उभा लोखंडी पत्रा, आणि त्यास असलेलीं भोंकें बंद करण्याची रीत.

हा विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. परंतु गेल्या वर्षीं जानेवारींत गाडीच्या पहिल्या मोठ्या चांचणीसाठीं आम्ही चार विद्यार्थ्यांना घेऊन गांवाबाहेरील पुलापर्यंत गेलों, आणि त्या दिवसानें आमचें मत पालटलें. थंडी असल्यामुळें दारांच्या कांचा वर केलेल्या होत्या. मागील बाजूची एक तेवढी बोटभर उघडी होती. पाऊण तासानें परत येतों तों मागें बसलेल्या तिघांचीं डोकीं ठणकूं लागलीं होतीं, व त्यांतील एकास फाटकाशीं उतरतांच ओकारी झाली. "पोरांना गाडी लागली," असें आम्ही म्हणालों, आणि तेवढ्यावर समाधान मानलें. पण आमचे ते माजी विद्यार्थी, ज्यांना सर्व मुलें मिस्त्री म्हणतात, त्यांनीं आमच्याकडे निरखून पाहिलें व विचारलें, "सर, आपलें डोकें कसें आहे?" आमचेंही डोकें जड झालें होतें. "मग ही गाडी लागणें नव्हे," ते म्हणाले. "चालविणाऱ्याला गाडी लागत नसते. आंत धूर येतो आहे." मुलांना मोकळ्या हवेंत बसविलें, डॉक्टरांकडे नेऊन दाखविलें, आणि संध्याकाळपर्यंत सर्वांस बरें वाटलें. तथापि मुलांस गाडींत बसविण्यापूर्वीं ही आडभिंत आम्हीं तपासावयास हवी होती व ती तपासली नव्हती, हें येथें स्पष्ट लिहून ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

ही आडभिंत मोटारींत आली कोठून? तिचा पूर्वज घोड्याच्या गाडींत सांपडतो. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल व खडे हांकणाऱ्याच्या अंगावर येऊं नयेत म्हणून युरोपांतील गाड्यांना पुढें एक उभी फळी बसवीत. तिला डॅशबोर्ड म्हणत. पुढें घोडा गेला व त्याच्या जागीं इंजिन आलें. फळी मात्र राहिली. आतां तिला चिखलाऐवजीं उष्णता, तेल व धूर अडवावा लागला. फोर्डच्या कारखान्यांतून १९०८ सालीं निघालेल्या मॉडेल टी गाडींतसुद्धां ही फळी बरींच वर्षें लाकडाचीच होती! पुढें लोखंडी पत्रा आला. डॅशबोर्ड हें जुनें नांव सरकत सरकत चालविणाऱ्यासमोरील मापकांच्या फळीस जाऊन चिकटलें, आणि मागें राहिलेल्या पत्र्यास इंग्लंडांत बल्कहेड व अमेरिकेंत फायरवॉल म्हणूं लागले. आपल्याकडील गॅरेजांत अमेरिकन शब्दच रूढ आहे. संगणकाच्या तासाला मुलें फायरवॉल हा शब्द ऐकतात, तोही इमारतींत एका खोलींतील आग दुसरींत जाऊं नये म्हणून बांधीत असलेल्या भिंतीवरूनच घेतलेला आहे. आम्ही येथें साधा आडभिंत हाच शब्द वापरूं.

मॉरिस मायनर ही गाडी ॲलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेंतून निघाली व १९४८ सालीं लंडन येथील अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. पुढील वीसबावीस वर्षांत अशा सुमारें सोळा लाख गाड्या तयार झाल्या. आमची गाडी १९५४ सालची असून तिचें इंजिन ८०३ घनसेंटिमीटरांचें आहे. त्या इंजिनाची एक गोष्ट ह्या लेखाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवावी: पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणारा कार्ब्युरेटर आणि जळलेला धूर बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे दोन्ही इंजिनाच्या डाव्याच बाजूस, जवळजवळ एकावर एक आहेत. इंजिनावर जोर पडला म्हणजे मॅनिफोल्ड तीनचारशें अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतो. आणि पेट्रोलची वाफ ठिणगीवांचून आपोआप पेटण्यास अडीचशें ते तीनशें अंशांच्या दरम्यानची उष्णता पुरते. म्हणजे ज्या जागीं पेट्रोल गळण्याचा संभव अधिक, त्याच जागेखालीं ही शेगडी, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, पत्र्याच्या पलीकडे, डावीकडे बसणाऱ्या माणसाचे पाय. मधला पत्रा सुमारें एक मिलिमीटर जाडीचा आहे. त्याला भोंक असेल तर तेथें तेवढाही आडोसा नाहीं.

विमानांत इंजिन व वैमानिक यांच्यामधील अशा पत्र्यानें सुमारें १,१०० अंशांची ज्वाळा पंधरा मिनिटें सोसली पाहिजे असा दंडक आहे. मोटारीची आडभिंत असें कांहीं वचन देत नाहीं. तिच्याकडून अपेक्षा इतकीच, कीं आग लागलीच तर गाडी कडेला घेऊन सर्वांनीं खालीं उतरण्याइतका अवधि मिळावा. त्या अवधींत ज्वाळा आंत शिरूं नये म्हणून भोंकें बुजवावयाचीं. पण आग हा क्वचित् येणारा पाहुणा आहे. धूर रोजचा आहे. म्हणून आधीं धुराचाच विचार करूं.

पेट्रोल पुरतें जळलें नाहीं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. धुराचा जो वास आपणांस येतो तो इतर पदार्थांचा. म्हणून वास आला नाहीं एवढ्यावरून हा वायु नाहीं असें समजूं नये. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतें, तें फुफ्फुसांत प्राणवायु उचलून सर्व शरीरास पोंचवितें. कार्बन मोनॉक्साइड ह्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षां दोनशें ते अडीचशें पट अधिक घट्टपणें चिकटतो. जणुं पाणक्याच्या घागरींत कोणी आधींच वाळू भरून ठेवावी. हवेच्या दहा लक्ष भागांत ह्या वायूचे २०० भाग असले तर दोनतीन तासांत डोकें दुखूं लागतें. १,६०० भाग असले तर वीस मिनिटांत डोकेंदुखी व मळमळ, आणि पुढें एकदोन तासांत मृत्यु. आतां जुन्या इंजिनाच्या धुरांत हा वायु शेंकडा कांहीं भाग असतो, म्हणजे दहा लक्षांत हजारों! आपल्या देशांत १९९५ सालापासून मोठ्या शहरांतील नव्या गाड्यांच्या धुराड्यांत त्यास जाळून टाकणारें उत्प्रेरक यंत्र बसूं लागलें; आमच्या म्हाताऱ्या गाडीस तें कोठून असणार? डोकेंदुखी, मळमळ, सुस्ती हीं लक्षणें इतकीं साधीं आहेत, कीं घाटांत, उन्हांत, उपाशीपोटीं प्रवास करतांना तीं कशालाही लावतां येतात. आम्हीं तीं गाडी लागण्याला लावलीं.

येथें एका विद्यार्थ्यानें फार चांगला प्रश्न विचारला. गाडी पुढें धांवते, मग धूर मागें उडून जावयाचा. तो आंत कां यावा? ह्याचें उत्तर हवेच्या दाबांत आहे. गाडी धांवूं लागली कीं पुढील जाळींतून वारा इंजिनाच्या खोलींत घुसतो, पंखाही त्यांत भर घालतो, व तेथील दाब किंचित् वाढतो. उलट, माणसें बसतात त्या भागांत मागील एखादी कांच उघडी असेल तर तिच्याजवळून वेगानें जाणारा वारा आंतील हवा बाहेर ओढतो, आणि तेथील दाब कमी होतो. एका बाजूस अधिक दाब, दुसऱ्या बाजूस कमी. मध्यें भोंकें पडलेला पत्रा. हवा कोणीकडे जाईल तें भौतिकशास्त्राचें पहिलें पुस्तक वाचलेल्या मुलासही सांगतां येईल. मागची कांच बोटभर उघडी ठेवून आपण वायुवीजनाची सोय केली असें आम्ही समजत होतों. वस्तुतः त्या बोटभर फटीनेंच धूर आंत ओढून घेतला.

भोंकें बुजविण्यापूर्वीं धूर निघतो कोठून तें पाहणें हें पहिलें काम. आमच्या गाडींत मॅनिफोल्ड व इंजिन यांच्यामधील गॅस्केट एका टोकास जळून काळी पडली होती. तेथून प्रत्येक ठोक्यासरशीं धूर फुसफुसत होता. ती बदलली. जो हें न करतां नुसतीं भोंकें बुजवितो, तो गळकें छप्पर तसेंच ठेवून खालीं पातेलीं मांडतो. पण उलटपक्षीं गॅस्केट आज नवी असली तरी ती उद्यां जळणारच, आणि जळल्याचें आपणांस कळेपर्यंत आडभिंतीनें आपला सांभाळ केला पाहिजे. म्हणून दोन्ही कामें करावीं लागतात.

भोंकें शोधण्याची मिस्त्रींची युक्ति मुलांस इतकी आवडली कीं तिच्यासाठीं दोन शनिवार मुलें रात्रीं आठपर्यंत थांबलीं. काळोख पडल्यावर बॉनेट उघडून आंत प्रखर दिवा ठेवावयाचा, बॉनेट मिटावयाचें, गाडीच्या सर्व कांचांवर गोणपाट टाकावयाचें, आणि एकानें आंत बसून पायांजवळची सतरंजी व पुठ्ठे काढून भिंतीकडे पाहावयाचें. जेथें जेथें भोंक असेल तेथें तेथें उजेडाचा ठिपका दिसतो. आम्ही स्वतः आंत बसलों तेव्हां बावीस ठिपके मोजले. दिवसां त्यांतील तीनचारच दिसले होते! खडूनें प्रत्येकाभोंवतीं वर्तुळ काढून क्रमांक दिला. प्रकाश सरळ रेषेंत जातो, म्हणून वांकड्या फटी ह्या रीतीनें सुटतात. त्यांसाठीं दुसऱ्या बाजूनें पाण्याचा बारीक फवारा मारून आंत कोरडा खडू फासलेल्या पत्र्यावर ओल कोठें उमटते तें पाहिलें. तेव्हां आणखी दोन जागा सांपडल्या.

एक लहानसें गणितही तेथेंच झालें. दोन इंची एक भोंक व अर्ध्या इंची सोळा भोंकें यांचें क्षेत्रफळ सारखेंच. त्यामुळें बारीक बारीक भोंकांच्या रांगेकडे मुलें जें लक्ष देत होतीं, तें आधीं तीन मोठ्या भोंकांकडे वळविलें. हीं तीन भोंकें हीटरचीं होतीं. इंग्लंडांतील थंडींत इंजिनाचें गरम पाणी नळ्यांनीं आंत आणून पाय शेकण्याची ही सोय. ती ह्या गाडीस जादा म्हणून बसविलेली होती. आपल्याकडे कोणीतरी ती निरुपयोगी म्हणून काढून टाकली, नळ्यांचीं दोन व हवेचें एक अशीं भोंकें तशींच ठेवलीं, आणि त्यांवर सतरंजी अंथरली. धूर मुख्यतः येथूनच आला.

आतां बुजविण्याकडे वळूं. बाजारांत जाऊन कसलीतरी चिकट लांबी आणावी व सर्व भोंकांत कोंबावी, हा पहिला मोह. तो आवरावा. प्रत्येक भोंकापुढें उभें राहून आधीं विचारावें: ह्यांतून कांहीं जातें काय? जात असल्यास तें हलतें काय? जवळपास किती तापतें? आणि मुख्य म्हणजे, हें भोंक कारखान्यानें मुद्दाम ठेवलेलें आहे कीं मागाहून कोणी पाडलें आहे?

ज्यांतून कांहींच जात नाहीं अशा भोंकांस लोखंडच घालावें. हीटरच्या तिन्ही भोंकांवर आम्हीं पत्र्याचीं झांकणें कापलीं, खालीं उष्णता सोसणारी गॅस्केट घातली, व बोल्टांनीं तीं आवळलीं. वेल्डिंग करून कायमचीं बंद करतां आलीं असतीं. पण हीं भोंकें गाडीच्या मूळ रचनेंतील आहेत, आणि पुढेंमागें कोणास हीटर मिळाला तर झांकण काढून तो बसवितां यावा. जुनी वस्तु दुरुस्त करणाऱ्यानें आपल्यामागून येणाऱ्याचे हात बांधूं नयेत, असें आमचें मत आहे. मिस्त्रींना हें मत फारसें पटलें नाहीं; त्यांच्या मतें झांकणापेक्षां वेल्डिंग केव्हांही बरें. आडभिंतीच्या डाव्या बाजूस स्टिअरिंगच्या दांड्यासाठीं असेंच एक मोठें भोंक झांकणाखालीं होतें. ही गाडी उजव्या व डाव्या दोन्ही बाजूंनीं चालविणाऱ्या देशांत विकली जात असे, म्हणून जागा दोहोंकडे. तें मूळचें झांकण गंजून कागदासारखें झालें होतें. तें नवें केलें.

उलट, मागाहूनच्या मालकांनीं भोंगा, रेडिओ व न जाणों काय काय बसविण्यासाठीं गिरमिटानें पाडलेलीं नऊ भोंकें होतीं. हीं मात्र मिस्त्रींच्या मताप्रमाणें वेल्डिंगनें भरलीं. त्यापूर्वीं बॅटरी सोडली, कार्ब्युरेटर व पेट्रोलची नळी काढून दूर ठेवली, आणि पत्र्याच्या पलीकडील सर्व पुठ्ठा व कापड काढलें. कारण वेल्डिंगची उष्णता पत्र्याच्या पाठीमागें जाऊन जें पेटवायचें तें पेटविते, आणि वेल्डिंग करणाऱ्याच्या डोळ्यांवर काळी कांच असल्यामुळें त्यास तें दिसत नाहीं. म्हणून एक विद्यार्थी पाण्याची बादली व आगशामक घेऊन पलीकडे बसविला होता. पातळ पत्रा एकदम तापविला तर वांकतो. म्हणून एकेक टांका घालून, थंड होऊं देऊन, मग दुसरा. शेवटीं कानशीनें सपाट करून दोन्ही बाजूंस गंजरोधक रंग दिला. एकाच बाजूस रंग दिला तर दुसऱ्या बाजूनें गंज पुन्हां भोंक पाडतो, व सर्व श्रम व्यर्थ.

तारा व केबली यांचीं भोंकें हा नाजूक भाग आहे. पत्र्याची कड सुरीसारखी असते, आणि गाडी चालतांना तार त्या कडेवर रात्रंदिवस घांसत राहते. वरचें आवरण झिजलें कीं तांब्याची तार पत्र्यास लागते. बारा व्होल्टांचा धक्का माणसास जाणवत नाहीं, म्हणून मुलांस बॅटरी निरुपद्रवी वाटते. पण तार अशी थेट पत्र्यास लागली तर तीच बॅटरी शेंकडों अँपिअर प्रवाह सोडते, आणि तार क्षणांत लाल होते. ह्या गाडीस अवघे दोन फ्यूज आहेत व पुढील मोठ्या दिव्यांच्या तारांस तर तेही नाहींत. तेव्हां येथें फ्यूजचें काम भोंकाच्या कडेला बसणाऱ्या रबरी ग्रोमेटनेंच करावयाचें. हा ग्रोमेट म्हणजे भोंवतीं खांच असलेली रबरी कडी. दुकानांत जाऊन नुसता "एक ग्रोमेट द्या" म्हणून चालत नाहीं. पत्र्यांतील भोंकाचा व्यास, पत्र्याची जाडी, आणि आंतून जाणाऱ्या तारांच्या जुडीची जाडी अशीं तीन मापें न्यावीं लागतात. खांच पत्र्याहून रुंद असेल तर ग्रोमेट डुलतो. आंतील छिद्र मोठें असेल तर धूर तेथूनच येतो. बसवितांना साबणाचें पाणी लावावें. तेल किंवा ग्रीस लावूं नये; साधें रबर त्यानें फुगतें व कुजतें. तार आंत शिरण्यापूर्वीं तिला खालीं थोडा झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पावसाचें पाणी झोलाच्या तळाशीं ठिबकून पडतें व आंत येत नाहीं.

हलणाऱ्या भागांचीं भोंकें बुजवितांना आमच्याकडून चूक झाली, ती सांगतों. एका उत्साही विद्यार्थ्यानें ॲक्सिलरेटरच्या केबलीभोंवतीं दोन भाग मळून लावावयाची, वाळल्यावर दगडासारखी होणारी लांबी भरली. बाहेरून काम मोठें सुबक दिसत होतें. इंजिन सुरू करून पेडल दाबलें, सोडलें, तों इंजिन ओरडतच राहिलें! लांबीचा थोडासा भाग केबलीच्या नळींत शिरून आंतील तार तेथें अडकली होती. गाडी पडवींत विटांच्या टेकूवर उभी होती म्हणून चावी फिरवून काम भागलें. हेंच बाजारपेठेंत झालें असतें तर काय, ह्या विचारानें आम्हांस त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. तेव्हांपासून नियम केला, कीं हलणाऱ्या भागाभोंवतीं घट्ट होणारें कांहीं भरावयाचें नाहीं. स्टिअरिंगच्या दांड्याभोंवतीं नमद्याची, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीची, चकती घालून ती पत्र्याच्या कडीनें धरून ठेवली. ती दांड्यास अडवीत नाहीं व धुरास वाटही देत नाहीं. क्लच व ब्रेक यांचीं पेडलें ह्या गाडींत खालच्या तळांतून वर येतात. त्यांना पेडलाबरोबर दुमडणारे रबरी भाते बसविले. मग प्रत्येक पेडल शंभर वेळां दाबून तें आपोआप मागें येतें कीं नाहीं तें मुलांनीं मोजून पाहिलें.

दुसरी चूक पावसाळ्यानें दाखविली. आडभिंतीच्या वरच्या बाजूस बॅटरी बसते तें एक खोलगट तबक आहे. त्याच्या कोंपऱ्यांत एक बोटाएवढें भोंक होतें. आतां भोंकें बुजविण्याचा सर्वांस असा छंद जडला होता कीं तेंही कोणीतरी बुजविलें. जुलैंत, सलग चार दिवसांच्या झडीनंतर पाहतों तों तबकांत पाणी सांचलें, त्यांत बॅटरीच्या आम्लाचा अंश उतरला, आणि नव्या रंगाखालीं फोड आले. तें भोंक पाणी वाहून जाण्यासाठींच होतें. दिव्याच्या चांचणींत तें दिसलेंच नव्हतें, कारण तें माणसांच्या बाजूस उघडतच नाहीं. एवढ्यावरून आम्हीं ओळखावयास हवें होतें. दाराच्या तळाशीं, कांचेखालच्या पन्हळींत अशीं भोंकें प्रत्येक गाडीस असतात. कोंकणांत व मुंबईकडे, जेथें पाऊस चार महिने हटत नाहीं, तेथें अशीं वाट तुंबलेलीं भोंकें पत्रा कुजवितात. तीं बुजवावयाचीं तर नाहींतच, उलट दर मेमध्यें तारेनें साफ करावयाचीं.

लांबी व लेप यांविषयीं थोडेंसें. पत्र्यांच्या सांध्यांत सीम सीलर नांवाचा लवचीक राहणारा लेप भरावा. तो इंजिनाच्या थरथरीनें तडकत नाहीं. सिलिकोन घ्यावयाचें तर ज्यास सिरक्याचा आंबट वास येतो तें घेऊं नये, कारण त्यांतून सुटणारें आम्ल उघड्या लोखंडास गंज आणतें. बिनवासाचें निराळें मिळतें. तेंही रंगानंतर लावावें, आधीं नव्हे, कारण सिलिकोनवर रंग धरत नाहीं. मॅनिफोल्डच्या जवळ साधें रबर टिकत नाहीं. तेथें दोनशें अंशांपर्यंत सोसणारें सिलिकोन रबर घालावें. आणि डबींतून फुसकन् निघून फुगणारा जो फेस खिडक्यांच्या चौकटींत भरतात, तो येथें कदापि वापरूं नये. तो भराभर जागा भरतो हें खरें, पण तो जळतो, व जळतांना विषारी धूर सोडतो. आगीच्या भिंतींत सरपण भरावें तसें तें होईल.

आणखी एक गोष्ट आम्हीं मुलांस हातसुद्धां लावूं दिली नाहीं. जुन्या गाड्यांच्या आडभिंतीस आंतून जो करडा, तंतुमय पुठ्ठा चिकटविलेला असतो त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. तो खरवडला म्हणजे डोळ्यांस न दिसणारे तंतु हवेंत उडतात, फुफ्फुसांत रुतून बसतात, आणि वीस-तीस वर्षांनीं कर्करोगाचें कारण होतात. आमच्या गाडींतील तो पुठ्ठा ॲस्बेस्टॉसचा होता कीं नव्हता हें परीक्षेवांचून सांगतां येत नव्हतें, म्हणून तो तसाच आहे असें धरून चाललों. मुलांना त्या शनिवारीं सुट्टी दिली. मिस्त्रींनीं योग्य मुखवटा लावून, पाण्यानें पुठ्ठा चिंब भिजवून, न फाडतां तो उतरविला. दुहेरी पिशवींत बांधून, वर नांव लिहून, असा कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीं पोंचविला. झाडू मारला नाहीं. ओल्या फडक्यानें सर्व पुसून तीं फडकींही त्याच पिशवींत टाकलीं. गॅरेजांत आजही अशा वेळीं वाऱ्याच्या पाइपानें धूळ उडवून साफ करण्याची चाल आहे. तिच्याइतकी वाईट चाल दुसरी नाहीं.

ऑक्टोबरमध्यें दिव्याची चांचणी पुन्हां घेतली. गोणपाटाखालीं बसून डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलों. एकही ठिपका दिसला नाहीं. मग कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचें लहान यंत्र विकत आणलें, तें मागच्या सीटवर ठेवलें, आणि प्रथम मिस्त्री व आम्ही असे दोघेच, मागची कांच मुद्दाम बोटभर उघडी ठेवून, त्याच पुलापर्यंत जाऊन आलों. यंत्रावर जातांना शून्य व येतांनाही शून्य. परत आल्यावर गाडी उभी करून इंजिन चालूच ठेवलें, तेव्हां मात्र आंकडा हळूहळू नऊपर्यंत चढला. शोधतां शोधतां तो दोष गिअरच्या दांड्याभोंवतालच्या रबरी भात्याकडे निघाला. त्यास तळाशीं चीर गेली आहे. मूळ मापाचा भाता आपल्याकडे मिळाला नाहीं, परदेशांतून मागविला आहे. तो येईपर्यंत तेथें सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोरीनें आवळून बांधला आहे व यंत्रावरचा आंकडा शून्यावर राहतो. मुलांना गाडींत बसविणें मात्र नवा भाता बसेपर्यंत बंद ठेवलें आहे.